ब्रीदवाक्याचा मूळ ग्रंथ

“हे वाचून मला एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी आठवली,” प्राचार्य राठी म्हणाले आणि माझा कागद त्यांनी दोन बोटांनी पुढे सरकवून दिला.

कागदावर मी एकच ओळ लिहिली होती. ‘विचारायला लाजू नये.’

“मला तर सरकारी दवाखान्यातली कुटुंबनियोजनाची पाटी आठवली,” रसायनशास्त्राचे डॉ. कोलते म्हणाले.

दोघेही हसले. कुलगुरू डॉ. मोहोड हसले नाहीत, कारण त्यांचं लक्ष पंख्याकडे होतं. पंखा हळूहळू थांबत होता, म्हणजे वीज गेली होती.

ही १९९४ सालची गोष्ट. आमच्या वऱ्हाडात नवं विद्यापीठ निघालं होतं, पूर्णातीर विद्यापीठ. कुलगुरू होते, कुलसचिव होते, रबरी शिक्के होते. फक्त इमारत नव्हती. म्हणून सगळा कारभार एका बंद पडलेल्या जिनिंग फॅक्टरीत चालायचा आणि फाईल झटकली की अजून कापूस उडायचा. दिवाळीनंतर रीतसर उद्घाटन होतं. त्याआधी बोधचिन्ह तयार व्हायला हवं होतं. त्यात कापसाचं बोंड, उघडं पुस्तक आणि उगवता सूर्य असावा, हे ठरलेलं होतं. त्यांच्या खाली चित्रकाराने एक रिकामी फीत काढून ठेवली होती. त्या फितीत काय लिहायचं हे ठरवायला चार जणांची ब्रीदवाक्य समिती नेमली होती. त्यातली चौथी मी.

मी म्हणजे शालिनी भुयार. तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि चार वर्षं गावातल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर संस्कृत शिकवत होते. म्हणजे जेवढे तास तेवढा पगार, आणि उन्हाळ्यात नुसतं ऊन. वडील गेल्यापासून आई, धाकटा भाऊ आणि मी अशा तिघांचं घर त्या तासांवर चाललं होतं. माझे विद्यार्थी होते सहा, त्यांतले दोन नियमित.

मोहोड सरांनी मला बोलावून स्वच्छ सांगितलं होतं. ते मूळचे कापसाच्या बियाण्याचे शास्त्रज्ञ, आडपडदा ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. “बाई, सहा पोरांसाठी मी संस्कृत विभाग कोणत्या तोंडानं मागू? पण विद्यापीठाचं ब्रीदवाक्य तुमच्याकडून आलं, तर म्हणता येते की विभाग पाहिजे. एक पूर्णवेळ जागा निघेल. ती तुमची.”

त्या दिवसापासून ती जागा माझ्या डोक्यातून हलेना. आईने तर परस्पर देवाला नवसही बोलून टाकला.

वाक्य मी सहज लिहिलं नव्हतं. ते माझे गुरू पांढरीपांडे सर यांचं होतं. सर वर्षाच्या पहिल्या तासाला फळ्याकडे न बघता वर्गाकडे बघत म्हणायचे, “विचारायला लाजायचं नाही. बाकी सगळं मी बघतो.” आमच्या घरात संस्कृत म्हणजे लग्नात भटजी म्हणतात ते, एवढीच माहिती. अशा घरातून आलेल्या मुलीने वर्गात काय काय विचारलं असेल, ते सरांनाच ठाऊक. त्या एका वाक्याच्या आधारावर मी एम.ए. झाले. मला वाटलं, विद्यापीठाने येणाऱ्या पोराला दारातच काही सांगायचं असेल, तर याहून बरं काय सांगणार?

“पण सर,” मी त्या पहिल्या बैठकीत विचारलं, “ब्रीदवाक्य नेमकं सांगायचं कोणाला असतं?”

मोहोड सरांनी पंख्यावरची नजर काढली. “बाई, ब्रीदवाक्य हे काही वाचायसाठी नसते. लग्नपत्रिकेवर गणपती असतो का नाही? त्याच्याकडे कोणी पाहत नाही. पण नसला की सगळ्यांना दिसते.”

कोलत्यांनी देशभरातल्या बेचाळीस विद्यापीठांची ब्रीदवाक्यं जमवून आणली होती. सत्तावीस ठिकाणी प्रकाश होता, बारा ठिकाणी ज्ञान आणि उरलेल्या तिघांनी सत्यावर भागवलं होतं. त्यांतलं एकही मराठीत नव्हतं. तेव्हा माझा कागद कुठे चुकला, हे मला न सांगताच कळलं.

पुढच्या बैठकीला मी तेच वाक्य संस्कृतात नेलं. ‘प्रष्टुं न लज्जेत.’ अर्थात काडीचाही फरक नव्हता.

राठींनी डोळे मिटले. “हां. याला वजन आहे.”

“नाद आहे,” कोलते म्हणाले.

अर्थ कोणीच विचारला नाही. फक्त चहा घेऊन आलेला शिपाई गुलाबराव माझ्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाला, “मॅडम, काय लिवलं हाय ह्याच्यावर?”

“विचारायला लाजू नये,” मी हळूच सांगितलं.

“मंग थेच तं मांगच्या खेपीले लिवलं व्हतं तुमी,” तो म्हणाला आणि कप मांडायला लागला.

माझ्या जिवात जीव आला होता, तेवढ्यात मोहोड सरांनी छापील नमुना पुढे ओढला. त्यात तीन रकाने होते. वाक्य, अर्थ आणि मूळ ग्रंथ. तिसरा रकाना मी मोकळा सोडला होता.

“हे कुठलं?”

“मीच केलंय, सर.”

खोलीत असं काही अवघडलेपण पसरलं, जणू मी सगळ्यांसमोर चप्पल घालून देवघरात शिरले होते. राठींनी मला अगदी मायेनं समजावलं, “भुयार मॅडम, ब्रीदवाक्य कोणी करत नाही. ते सापडतं.”

“शोधा,” मोहोड सर म्हणाले. “रिकामा रकाना घेऊन फाईल पुढं जात नाही.”

मी तीन दिवस शोधलं. नव्हतंच ते कुठे. चौथ्या दिवशी मी तो नमुना घेऊन ओसरीवर बसले होते. पितृपक्ष चालू होता आणि शेजारच्या जोशीकाकांनी अंगणात दर्भ वाळत घातला होता. मी त्या दर्भाकडे बराच वेळ बघत राहिले. मग पेन उचललं आणि तिसऱ्या रकान्यात लिहिलं, ‘दार्भ्योपनिषद’. अक्षर चांगलं आलं, याचंच मला तेव्हा समाधान वाटलं, यावरून माझी अवस्था समजावी.

शुक्रवारी तो नमुना घेऊन मी बैठकीला गेले. कोणी एक प्रश्न विचारला असता, तर मी तिथल्या तिथे सगळं कबूल करून मोकळी झाले असते. पण तसं काही झालं नाही.

“दार्भ्य,” कोलते मान डोलावत म्हणाले. “आमच्या आजोबांच्या कपाटात होतं हे. लाल बांधणीचं.”

राठी मागे कसे राहतील? “हरिद्वारला एका स्वामीजींचं यावरच प्रवचन ऐकलंय मी. तीन दिवस चाललं होतं. काय सांगू तुम्हाला.”

दोघांनी मोहोड सरांकडे बघितलं. मोहोड सर जरा खाकरले. “सुरुवातीले सोपं आहे ते,” ते म्हणाले. “शेवटी शेवटी जरा जड जाते.”

त्या दिवशी घरी जाताना ते उपनिषद कुठे मिळालं तर वाचावं, असं मलाही वाटायला लागलं होतं.

सगळं जुळून आलं होतं. पण कोलत्यांना काम पक्कं करायची हौस. त्यांनी सुचवलं की तज्ज्ञ म्हणून पांढरीपांडे सरांची सही घ्यावी, म्हणजे पुढे कोणी बोट ठेवणार नाही. सरांना फसवणं दूरच, पण सरांच्या समोर तो कागद जाईल, असा विचारही मी केला नव्हता.

मंगळवारी सर रिक्षाने आले. सत्तरी ओलांडलेली, पांढरं धोतर, खिशाला दोन पेनं. राठींनी उठून खुर्ची दिली. सरांनी चष्मा लावून तो कागद वाचला, मग पुन्हा वाचला.

“दार्भ्योपनिषद,” ते म्हणाले. “मला माहीत नाही हे.”

तिघेही एकमेकांकडे बघायला लागले.

“दा-र्भ्य, सर,” कोलते जरा मोठ्याने म्हणाले, सरांच्या कानात काही दोष असावा तसं.

“ऐकू आलं मला. माहीत नाही म्हणतोय.”

“आठवेल, सर, सावकाश आठवेल,” राठी म्हणाले आणि त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

“आठवेल कसं? वाचलेलंच नाही तर.” सर माझ्याकडे वळले. “शालिनी, तुला कुठे मिळालं?”

दार्भ्याचं नाव निघाल्यापासून त्या खोलीत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. खरं बोलायची तीच वेळ होती. मी ती दवडली. मला आईचा नवस दिसला, रकाना दिसला, जागा दिसली.

“घरी आहे, सर,” मी म्हणाले.

“मग उद्या सकाळी येतो मी. वाचतो आणि सही करतो.”

ते गेल्यावर मोहोड सर हळू आवाजात म्हणाले, “एवढा मोठा माणूस. वयापुढं कोणाचं चालते?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सर दारात हजर. हातात नवी कोरी वही. आईने खुर्ची दिली, ती त्यांनी टेबलाजवळ ओढून घेतली आणि वही उघडून पेनाचं टोपण काढलं. पहिल्या पानावर त्यांच्या त्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘दार्भ्योपनिषद. शालिनीच्या प्रतीवरून.’

“काल काकूंना सांगितलं मी,” सर म्हणाले. काकू म्हणजे त्यांची बायको. आम्ही विद्यार्थी त्यांना काकू म्हणायचो, म्हणून तेही म्हणायचे. “म्हटलं, निवृत्त झाल्यावर नवीन काही हाती लागेल असं वाटलं नव्हतं. कुठेतरी पोथी पडलेली असते, कोणाला तरी सापडते. ती माझ्या विद्यार्थिनीला सापडली. किती पानांचं आहे गं? मला उतरवून घ्यायचंय. तू फक्त समोर ठेव, मी हात लावत नाही. जुनं असेल तर पानं तुटतात.”

चोरी पकडली गेली की माणूस निदान घाबरतो तरी. मला घाबरताही येईना. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. चौकशीची खिडकी, रिकामा रकाना, जोशीकाकांचा दर्भ, पूर्णवेळ जागा.

सरांनी पेनाला टोपण लावलं.

“म्हणजे नाहीच ते,” ते म्हणाले.

“नाही, सर.”

“आणि वाक्य?”

“ते तुमचंच आहे. पहिल्या तासाला म्हणायचात ते.”

“मी मराठीत म्हणायचो,” सर म्हणाले. “त्यात काय बिघडलं होतं?”

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते रागावले नाहीत. आईने केलेला चहा पूर्ण प्यायले, वही काखेत धरली आणि पायरी उतरताना म्हणाले, “सही मला करता येणार नाही. पण मी बोलणारही नाही कोणाशी. तुझं तू बघ.”

मी तडक मोहोड सरांकडे गेले आणि त्यांना खरं ते सांगितलं. वाटलं होतं, आता हे भडकणार. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं आणि विचारलं, “उपनिषद किती पानांचं असते, बाई?”

“लहान असलं तर चार-पाच.”

“मग लिहून टाका.”

मला वाटलं थट्टा करतायत. ते थट्टा करत नव्हते. “आम्ही कपाशीचं नवं वाण काढतो, त्याले नाव आम्हीच देतो. पीक चांगलं आलं की कोणी विचारत नाही. तुमच्यात काहून चालत नाही?”

“मग तसंच माझ्या नावाने चालवा ना, सर. मूळ ग्रंथ नाही, वाक्य आमचं.”

“तासिकेवरच्या बाईचं वाक्य विद्यापीठाच्या बोधचिन्हावर?” ते अगदी सौम्यपणे म्हणाले. “अन् त्या दोघांना मी काय सांगू? एकानं ते कपाटात पाहिलं, एकानं तीन दिवस ऐकलं. मी स्वतः वाचलं. बाई, मंगळवारी शेवटची बैठक आहे. सरांच्या सहीचं सोडा, त्यांची तब्येत बरी नाही असं लिहून घेऊ. चार पानं तेवढी आणा. जागा तुमचीच आहे.”

खोटं कशाला बोलू, मी लिहायला बसले. आणि काय सांगावं, ते जमायला लागलं. दार्भ्य ऋषींकडे एक मुलगा येतो, दारात अडखळतो, विचारू की नको असं त्याला होतं. दोन पानं झाली. संस्कृतही बरं उतरत होतं.

तिसऱ्या पानावर होते तेव्हा गुलाबराव घरी आला, बैठकीची नोटीस घेऊन. नोटिशीवर सही घेताना म्हणाला, “मॅडम, पांढरीपांडे सरायचं लय वाईट वाटते हो. पार इसरून गेले म्हनतात. राठी सायबानं मायासंगं ब्राह्मी तेलाची बाटली धाडली त्यायच्या घरी. डोक्याले लावा म्हने रोज.”

“सर काय म्हणाले?”

“काय म्हनतीन? घेतली बाटली. सायबाले धन्यवाद सांग म्हने. बाजारात बी समद्यायले ठाऊक झालं हाय. भाजीवाली काकूले इचारे, सर तुमाले तं वळखतात ना म्हनून.”

गुलाबराव गेला आणि मी तिसरं पान तसंच ठेवलं. सरांनी एक शब्द बोलायचा अवकाश होता. ‘ते पुस्तकच नाही, त्या पोरीने बनवलं,’ एवढं म्हटलं असतं तरी गावाने त्यांना पुन्हा शहाणं म्हटलं असतं. ते बोलले नव्हते. माझी जागा राहावी म्हणून ते डोक्याला तेल लावून घ्यायला तयार होते. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. मी ती पानं चुलीत घातली.

मंगळवारी बैठक सुरू झाल्या झाल्या मी उभी राहिले. “दार्भ्योपनिषद नावाचा ग्रंथ नाही,” मी म्हणाले. “मी ते नाव मनाने लिहिलं. पांढरीपांडे सर म्हणाले तेच बरोबर होतं. त्यांना सगळं व्यवस्थित आठवतं.”

आता आभाळ कोसळणार म्हणून मी वाट बघत राहिले. कोलत्यांनी खुर्चीत मागे टेकून समाधानाने सुस्कारा सोडला.

“तरीच,” ते म्हणाले. “मला पहिल्या दिवसापासून शंका होती. आजोबांचं ते लाल पुस्तक वेगळं.”

“स्वामीजी पण हेच सांगायचे,” राठी म्हणाले. “तिन्ही दिवस हेच. की बाजारात नकली उपनिषदं फार आली आहेत.”

मोहोड सरांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, नांगरट झाल्यावर पाऊस न आलेल्या माणसाची हळहळ होती. मग त्यांनी कोलत्यांची यादी मागवली. दहा मिनिटांत सत्तावीस प्रकाशांतला एक प्रकाश सर्वानुमते मंजूर झाला. ठरावावर सह्या होताना वीज गेली आणि गुलाबरावाने मेणबत्ती आणून दिली. संस्कृत विभागाचं पुढच्या वर्षी बघू, असं मोहोड सर म्हणाले. ते पुढचं वर्ष आलं नाही. जूनपासून माझे तासही बंद झाले आणि मी दर्यापूरकडच्या एका शाळेत लागले. तिथे सत्तावीस वर्षं शिकवलं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण त्या मंगळवारी संध्याकाळी मी आधी सरांच्या घरी गेले. सर अंगणात खाटेवर बसले होते. मी पायरीवर बसले.

“सांगितलं मी त्यांना,” मी म्हणाले. “सगळं.”

“अस्सं. मग काय ठरलं?”

“प्रकाश.”

“चांगलं आहे. आणि तुझी जागा?”

“पुढच्या वर्षी बघू म्हणाले.”

सरांनी विचारलं, “उपनिषद खोटं निघालं म्हटल्यावर फार धक्का बसला असेल ना गं त्यांना?”

“कोणालाच नाही, सर. सगळ्यांना पहिल्यापासून शंका होती म्हणे.”

सरांना हसू फुटलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि काकू आतून पाणी घेऊन आल्या. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. चष्मा पुन्हा लावायला त्यांना बराच वेळ लागला.

“मला नव्हती गं शंका,” ते म्हणाले. “मला खरंच वाटलं होतं. तू सांगितलं होतंस ना.”